पूर्वलक्षी प्रभावाने

आमच्या शहराचे नाव बदलले, ती घटना कामकाजाच्या दिवशी, कामकाजाच्या वेळेत आणि कोणाचीही हरकत न येता पार पडली. हरकती नोंदवण्याची मुदत तीन दिवसांची होती आणि त्यांतले दोन सुट्टीचे होते. हे वेळापत्रक मीच आखले होते. नगरपालिकेच्या नामांतर अंमलबजावणी कक्षात मी वरिष्ठ मसुदा लेखनिक आहे. शहराचे जुने नाव जिथे जिथे सापडेल तिथून ते काढून टाकण्याचा मजकूर तयार करणे, हे माझे काम. ते नाव या गोष्टीतही येणार नाही. तसा नियम आहे आणि तोही माझ्याच हातचा आहे.

परिपत्रकाचा पहिला मसुदा वाचून साहेब म्हणाले होते, "सगळं ठीक आहे हो, पण जरा लुळा वाटतोय." माझ्यातला लेखनिक दुखावला. मी जेवणाच्या सुट्टीत डबासुद्धा न उघडता कलम सात लिहिले : 'नवे नाव पूर्वलक्षी प्रभावाने लागू राहील. सदर शहरास यापूर्वी अन्य कोणतेही नाव कधीही नव्हते, असे मानण्यात यावे.' साहेबांनी त्याखाली दोनदा रेघ ओढली आणि म्हणाले, "आता कसं भरदार झालं!" मी दिवसभर हवेत होतो. घरी येऊन बायकोला कलम वाचून दाखवले, तर ती म्हणाली, "म्हणजे आपलं लग्न नेमकं कुठे झालं?" घरातले प्रश्न कचेरीच्या कामात आणू नकोस, असे मी तिला सांगितले.

हे झाले आठवड्याचे पाच दिवस. दर शनिवारी संध्याकाळी मात्र मी 'जुने दिवस मंडळा'त जातो. वाचनालयाच्या मागच्या खोलीत आम्ही सात-आठ हळवी माणसे जमतो आणि जुन्या नावाच्या आठवणी काढतो. नियमभंग नको म्हणून त्या नावाला आम्ही नुसते 'ते' म्हणतो. 'ते' म्हटले की निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंना कोळशाच्या धुराचा वास येतो. दातांच्या डॉक्टरांना शेवटच्या बसचा कंडक्टर आठवतो. तो शहराचे नाव इतके लांबवून पुकारायचा म्हणे, की तेवढ्यात एखादा उतारू पळत येऊन बस पकडायचा. मलाही पुष्कळ आठवते. स्टेशनवरच्या पाटीखाली वडिलांचे बोट धरून उभा राहिलेला मी, या माझ्या लेखाला मंडळाचे पहिले पारितोषिक मिळाले. खरे सांगायचे तर ती पाटी लागली त्या दिवशी मी गालफुगी होऊन घरी पडलो होतो. पण लेखात आपण स्वतः उभे असावे लागते.

पाटी मात्र खरोखर वडिलांनीच रंगवलेली. ते पाट्या रंगवणारे पेंटर. चाळीस वर्षे त्यांनी हे एकच नाव स्टेशनवर, वेशीच्या कमानीवर, पाण्याच्या टाकीवर, दवाखान्यावर काढले. आता वय त्र्याऐंशी. आई गेल्यापासून पाट्या रंगवायच्या आपल्या जुन्या कारखान्याच्या वरच्या खोलीत एकटे राहतात. खोली नगरपालिकेची. आमच्या ठेकेदाराची माणसे समोरची कमान रंगवत होती तेव्हा ते दिवसभर खिडकीत बसून होते. मला वाटले, मन भरून आले असेल. तर म्हणाले, "अस्तर न देता हाणतायत रे. दोन वर्षांत खालचं वर येईल."

नामांतरानंतर अकराव्या महिन्यात दुसऱ्या एका कक्षाने नियम काढला, की नगरपालिकेच्या खोलीत एकट्या राहणाऱ्या ऐंशीवरच्या माणसाने स्मरणशक्ती शाबूत असल्याचा दाखला द्यावा. अन्यथा खोली काढून घेऊन त्याला शहराबाहेरच्या वृद्धनिवासात हलवण्यात येईल. या नियमाशी माझा काही संबंध नाही. मी फक्त त्यातले शुद्धलेखन तपासले.

वडील ताठ चालत दवाखान्यात गेले. तारीख सांगितली, वार सांगितला, शंभरातून सात-सात वजा करत पार तळाला गेले. मग डॉक्टरबाईंनी विचारले, "आजोबा, आपण आत्ता कोणत्या शहरात आहोत?"

वडिलांनी जुने नाव सांगितले.

डॉक्टरबाईंनी आधी दाराकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि लिहिले : 'स्थळाचे भान नाही. आठ दिवसांनी फेरतपासणी.'

मी तडक आमच्याच कक्षाच्या खिडकीवर गेलो आणि या शहराचे अकरा महिन्यांपूर्वी दुसरे नाव होते, असा दाखला मागितला. खिडकीतला कारकून माझ्याच टेबलाशेजारी बसतो. तो म्हणाला, "कलम सात."

"अरे, ते मीच लिहिलंय!"

"मग पाठच असेल तुम्हाला."

"निदान असं दे, की म्हातारा म्हणतोय ते नाव कधी नव्हतं. डॉक्टरबाईंना कळेल तरी तो काय म्हणतोय ते."

"त्यात ते नाव लिहावं लागेल ना, साहेब. ते कुठे लिहिता येतं?" त्याने दिलगिरीने मान हलवली. "अर्ज ठेवून जा. उत्तर रीतसर मिळेल."

उत्तरे लिहिण्याचे काम माझ्याच टेबलावर येते. दुसऱ्या दिवशी मी माझा अर्ज वाचला आणि सुरेख भाषेत नामंजूर केला. साहेब सही करताना म्हणाले, "अर्जदाराला वाईट वाटणार नाही असं लिहिलंयत." वाटले मात्र.

उरला एकच मार्ग. रोज कचेरी सुटल्यावर मी वडिलांच्या खोलीवर जाऊन त्यांची तयारी करून घेऊ लागलो.

"बाबा, शहर कोणतं विचारलं तर नवं नाव सांगायचं. बस्स."

"मला माहीत आहे की नवं नाव. मी काय खुळा आहे?"

"मग त्या दिवशी जुनं का सांगितलंत?"

"तुझी आई समोरच्या कमानीखाली भेटली मला. मी शिडीवर, आणि ती खालून ओरडली, 'अहो पेंटर, शेवटचं अक्षर खाली घसरतंय.' खरंच घसरत होतं. चाळीस वर्षं ते नाव काढताना दर वेळी तिचा आवाज कानात यायचा. बाई विचारतील आणि मी भलतंच सांगू?"

"भलतंच सांगा, बाबा. खोलीचा प्रश्न आहे."

त्यांनी एकदा खिडकीतून कमानीकडे पाहिले. मग म्हणाले, "बरं. तू सांगशील तसं."

फेरतपासणीला मी मुद्दाम त्यांच्या शेजारी बसलो. तारीख झाली, वार झाला.

"आपण कोणत्या शहरात आहोत, आजोबा?"

वडिलांनी नवे नाव खणखणीत सांगितले. माझा जीव भांड्यात पडला. डॉक्टरबाईही खूश झाल्या आणि कौतुकाने सहज विचारून गेल्या, "छान! किती वर्षं राहताय इथे?"

"वर्षं कुठली? अकरा महिने झाले."

"त्याआधी?"

"त्याआधी दुसऱ्या शहरात होतो. जन्म तिथलाच. धंदा तिथेच केला."

"आणि आजी कुठे असतात?"

"ती तिथेच गेली. तिला काही इकडे येता आलं नाही. बरंच झालं म्हणा. तिला नवीन जागी झोप लागायची नाही."

ते चेष्टा करत होते की मनापासून बोलत होते, हे मला आजही सांगता येणार नाही. मी सांगितल्याप्रमाणे त्यांनी नवे नाव मान्य केले होते आणि पुढचा हिशेब प्रामाणिकपणे मांडला होता. डॉक्टरबाईंनी लेखणी खाली ठेवली आणि मला विचारले, "तुम्ही मुलगा ना? असं काही दुसरं शहर होतं का? तुम्ही हो म्हणालात तर मी तसं लिहिते आणि यांना पास करते."

एक शब्द पुरेसा होता. मी उत्तम मराठीत म्हणालो, "कलम सातनुसार नव्हतं."

वडिलांनी माझ्याकडे पाहिले. रागाने नव्हे, तसे पाहिले असते तर बरे झाले असते. मग डॉक्टरबाईंची समजूत घालावी तसे म्हणाले, "बरोबर आहे त्याचं. त्याला नोकरी आहे." मला मेल्याहून मेल्यासारखे झाले, पण खुर्चीतून उठून शब्द मागे घेण्याइतका मी काही मेलो नव्हतो. डॉक्टरबाईंनी वडिलांच्या कागदावर 'स्थलांतराचा भ्रम' असे लिहिले आणि नातेवाइकाच्या रकान्यात माझ्यापुढे 'स्मरणशक्ती उत्तम'.

सोमवारी खोलीला कुलूप लागले. वडिलांनी दोन सदरे आणि ब्रशांची गुंडाळी घेतली. त्यांना आपल्याकडे आणू या, असे बायको म्हणाली. बोलणे रास्त होते; पण आमच्याकडच्या लहान खोलीत माझे लिहिण्याचे टेबल आहे.

त्या टेबलावर बसून मी हा सगळा प्रसंग लिहून काढला आणि पुढच्याच शनिवारी मंडळात वाचला. लेखात थोडा फेरफार केला आहे. त्यात डॉक्टरबाईंनी विचारताच मी ताडकन उभा राहतो आणि जुने नाव ठणकावून सांगतो. 'तिला काही इकडे येता आलं नाही' या वाक्याला मुख्याध्यापिकाबाईंनी चष्मा काढला. दातांच्या डॉक्टरांना हुंदका आवरेना. टाळ्या थांबल्यावर सर्वांनी मला मिठी मारली आणि पुस्तक काढाच म्हणून गळ घातली. वडील आता कसे आहेत, असे विचारायचे भान त्या गहिवरात कोणाला राहिले नाही.

ही गोष्ट वाचून तुम्हालाही गलबलून आले असेल, तर मी आभारी आहे. वृद्धनिवासात भेटीची वेळ रविवारी चार ते पाच असते. दारातल्या वहीत वडिलांच्या नावापुढे आजवर एकही सही नाही. माझे रविवार या गोष्टीची मुद्रिते तपासण्यात गेले. आणि येत्या रविवारी तुम्हालाही काहीतरी काम असेलच.