डोक्यावर चंद्र असलेल्यांची यादी

नातीचं जमलेलं लग्न मोडलं आणि महिन्याभरात दुसरीकडे जमलं, त्या वर्षी मी अक्षरं शिकलो. वय वर्षे सदुसष्ट. माणसाला आपण रांगेत कितवे आहोत हे वाचता आलंच पाहिजे, हा सुधारलेल्या समाजाचा पाया आहे, आणि मी पायाचीच कामं करणारा गवंडी.

तोवर साठ वर्षं माझी सगळी कागदपत्रं दादाने वाचली. दादा शिंपी. मी लिहायला लागलो आणि त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरले.

"बारक्या, तुझं अक्षर वळणदार आहे म्हणतोस, पण मी पाहिल्याशिवाय मानणार नाही," तो म्हणाला.

म्हणून सरकारी डोळ्यांच्या दवाखान्यात नाव घातलं. तिथली व्यवस्था आदर्श आहे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी संगणक सर्व नावं वर्णक्रमाने लावतो आणि पहिल्या वीस जणांना आत घेतात. पुढच्या महिन्यात नवे अर्ज मिसळून यादी पुन्हा पहिल्यापासून. (अर्जाच्या तारखेनुसार लावा, असं एका आजीने सुचवलं होतं. तारखेत घोटाळा होऊ शकतो, वर्णमालेत होत नाही, असं तिला समजावण्यात आलं. तिला ते पटलं, कारण तिचं आडनाव 'आ'वरून होतं.)

आमच्या आडनावाचं पहिलं अक्षर 'ॲ', म्हणजे 'अ'च्या डोक्यावर चंद्र आहे. प्रौढांच्या शाळेतल्या बाईंनी ते मला स्वरांमध्ये शिकवलं होतं, अगदी पुढच्या बाकावर. यादीत ते 'ह'च्याही मागे निघालं. पहिला सोमवार: एकशे चाळिसात एकशे चाळिसावा. दुसरा: एकशे छप्पन्नात एकशे छप्पन्नावा. प्रगती दिसत होती.

संगणकावर बसणाऱ्या बाईंना विचारलं. त्या सौजन्याने म्हणाल्या, "आजोबा, यंत्राला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. तुमच्या अक्षराचा आकडा मोठा आहे."

"मोठ्याला मान आधी असतो ना?"

"लग्नात. इथे नाही."

दोन वर्षांत चारशे ऐंशी डोळे उघडले. डोक्यावर चंद्र असलेल्यांपैकी: शून्य. आमच्या गल्लीतल्या न्हाव्याने कंटाळून अर्जात चंद्र पुसला. पुढच्याच यादीत तो थेट शस्त्रक्रियेच्या टेबलावर. तिथे ओळखपत्र ताडून पाहिलं, त्यावर चंद्र होता. कागदावरचा माणूस हजर नाही, असा शेरा मारून त्याला डोळ्यात औषध घातलेल्या अवस्थेत घरी पाठवलं. (भिंतीला धरून तो व्यवस्थित पोचला.)

अखेर आम्ही बत्तीस जणांनी अर्ज दिला. त्यावर सात जणांची समिती बसली आणि अकरा महिने बसूनच राहिली. मग तिने क्रांतिकारक निर्णय घेतला: चंद्रवाल्यांवरचा अन्याय दूर व्हावा म्हणून पुढची तीन वर्षं यादी उलटी लावायची. शेवटचा तो पहिला!

दादाने ठेवणीतला सदरा काढायला लावला. मी पाटीवर त्याचं नाव मोठ्या अक्षरात लिहून तयार ठेवलं, पट्टी निघाल्याबरोबर दाखवायला.

पहिल्या सोमवारी मी यादी वाचली. खालपर्यंत वाचली.

"कितवा?" दादाने विचारलं.

"दोनशे सातवा. दोनशे अकरात."

घडलं होतं असं की त्याच सकाळी दवाखान्यात नवी सुधारित प्रणाली बसवली होती. तिला वर्णमाला बिनचूक येत होती. आमचं अक्षर सन्मानाने स्वतःच्या जागी, म्हणजे सुरुवातीला गेलं. यादी उलटी असल्यामुळे सुरुवात शेवटी होती.

"म्हणजे आपण आता बरोबर झालो?"

"हो दादा."

"मग चुकीचे होतो तेच बरं होतं की रे."

"तेव्हाही शेवटीच होतो."

दादा इतका हसला की शिपायाने हटकलं.

उलटा क्रम रद्द करा म्हणायला गेलो, तर संगणकावरच्या बाईंनी फाईल दाखवली. हा क्रम आमच्याच मागणीवरून लागू झाला होता. खाली बत्तीस सह्या. सतरावी माझी, आणि खरंच वळणदार.

मृत्यूची नोंद मात्र तारखेनुसार करतात. तिथे दादाचा नंबर त्याच दिवशी लागला. दवाखान्याच्या यादीतून नाव काढायला मी अर्ज दिलाय. ते अर्जही वर्णक्रमाने लागतात, त्यामुळे गेल्या सोमवारी दादा दोनशे चौदावा होता.

ज्यांचं अक्षर मधलं, त्यांना यादी सरळ काय, उलटी काय, फारसा फरक पडत नाही. त्यांनी कधी तक्रार केली नाही. तुम्ही इथवर हसत आलात, त्या अर्थी तुमचं अक्षर मधलंच असावं. आपल्या मागे कोण उभं होतं हे पाहायची रांगेत पद्धत नसते, म्हणून लिहून ठेवतो: माझा थोरला भाऊ, शिंपी, वय एक्याऐंशी, नात बाळंत झाली त्या आठवड्यात, गुरुवारी सकाळी वारला. पाटी त्याने पाहिली नाही.