सर्जेराव आप्पांचा पहिला नंबर

कोयनानगरात जमीन हलली की माणसं बाहेर पळतात. सर्जेराव आप्पा आत पळतात.

हे मी स्वतः पाहिलंय. इथं खोली घेऊन मला पंधरा दिवस झाले होते. सकाळी मी दोरीवर कपडे टाकत होते आणि शेजारच्या पायरीवर आप्पा दाढी करत बसले होते. पायाखालून भरलेला ट्रक गेल्यासारखं झालं. मी ओला टॉवेल हातात घेऊन रस्त्यावर. समोरच्या इंदूकाकी लाटण्यासकट रस्त्यावर. आणि एका गालाला साबण फासलेले आप्पा, वय वर्षं अडुसष्ट, वस्तरा टाकून सुसाट घरात! मी किंचाळले, "आप्पा, बाहेर या!"

इंदूकाकी शांतपणे म्हणाल्या, "वरडू नगंस. त्येंचं हापिस सुरू झालं."

हापिस म्हणजे मधल्या खोलीतलं एक स्टूल, एक वही आणि मनगटावरचं घड्याळ. आप्पा मूळचे वडूजकडचे. प्रकल्पावर टाइमकीपर म्हणून लागले आणि पस्तीस वर्षं गेटवर बसून कोण कामगार कधी आला, कधी गेला, ते लिहीत राहिले. निवृत्त झाल्यावर कामगार संपले, सवय संपली नाही. मग त्यांनी जमिनीची हजेरी घ्यायला सुरुवात केली.

"ती बी कामावरच हाय की," ते म्हणाले. "कवा येती, किती येळ ऱ्हाती, कुनाला सांगून जाती व्हय? नोंद नको?"

आधी नुसती वही होती. दोन वर्षांपूर्वी त्यांनी मोबाईलवर ब्लॉग काढला. नाव 'जाणवला का?'. धक्का बसून गेला की इथं प्रत्येक माणूस दुसऱ्याला पहिलं हेच विचारतो. ब्लॉगवर आप्पा बोलतात तसं लिहीत नाहीत. "लिवताना सदऱ्याची सगळी बटनं लावावीत," असं त्यांचं मत. एक नमुना देते:

'दुपारी तीन वाजून बारा मिनिटं. जमिनीनं कूस बदलली, पण जागी झाली नाही. फळीवरचे मोठे डबे गप्प राहिले, बारके बोलले. बारक्यांचं तसंच असतं. देवघरातली घंटा आता वाजणार असं वाटलं, पण तिनं विचार बदलला. मी ठीक आहे. चहा ठेवतो.'

एका बोटानं, अक्षर अक्षर दाबत, दीड तास खपून त्यांनी हे लिहिलेलं. वाचणारे सात. त्यातली एक मी.

पुढचं सांगण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करते. या माणसाशी मी वाईट वागले. हसायला येईल तिथं जरूर हसा, पण मी कुणाला हसवायला हे लिहीत नाहीये.

मी सांगलीची. घाटातल्या रस्त्याच्या मोहिमेसाठी इथं आले. रस्ता असा की खालून निघालेली रुग्णवाहिका वर पोचेपर्यंत पेशंट बरा तरी होतो नाहीतर जातो तरी. माझं काम पत्रकं लिहिण्याचं. साताऱ्यात छापून आणायची आणि बाजारात वाटायची. पत्रकाचे नियम मला पाठ आहेत. मथळा ओरडला पाहिजे. चौथ्या ओळीला वाचणाऱ्याचं डोकं तापलं पाहिजे. उद्गारचिन्ह एकटं कधी सोडू नये. शिवाय सांगलीतल्या एका शिबिरात मी इंटरनेटचीही विद्या शिकले होते. लोक शोधताना जे शब्द टाइप करतात तेच आपल्या मथळ्यात टाकायचे, पहिल्या परिच्छेदात पुन्हा, मधल्या ठळक ओळींत पुन्हा. मग शोधणाऱ्याला आपलं पान वर दिसतं.

ही विद्या मला येते हे आप्पांना कुठून तरी कळलं. एक दिवस दारात येऊन उभे राहिले.

"कार्यकर्तीबाई, भूकंप झाल्यावर लोकं मोबाईलवर शोधत्यात. तवा आमचं पान कितव्या नंबराला येतंय?"

मी शोधलं. एकसष्टावा.

"पयला पायजे."

"कशाला पण आप्पा?"

"पायजे."

मला राग आला. म्हातारपणी माणसाला प्रसिद्धीची हाव सुटते ती अशी, हे माझं निदान. तरी मी हो म्हटलं, कारण मला सौदा दिसला. त्यांच्या लेखाच्या खाली माझ्या रस्त्याचा मजकूर टाकायचा. आप्पा म्हणाले, "टाक की. पर माज्या लिवन्याला हात लावायचा न्हाई."

मी शब्द दिला.

मग शिकवणी सुरू झाली. "आप्पा, लोक 'कोयना भूकंप आज' असं शोधतात. हे आपले की-वर्ड. लेखात निदान पाचदा आले पाहिजेत."

"पाचदा? वाचनारा भैरा हाय का?"

"वाचणाऱ्यासाठी नाही. यंत्रासाठी."

"मग यंत्रापुढंच गाऱ्हानं घालू व्हय?" मग त्यांना आपल्या परीनं उलगडा झाला. "म्हंजे त्यो बी टाइमकीपरच. बिल्ला बघून आत सोडतोय, मानूस बघत न्हाई." आणि जरा खाली बघून म्हणाले, "मी बी तसंच केलं म्हना."

मधे मधे ठळक ओळी टाकायला सांगितल्या, तर म्हणाले, "दर वळनाला पाटी कशाला? वाचनारा काय घाट चढतोय?"

पण प्रयत्न त्यांनी मनापासून केला. पुढच्या धक्क्यानंतरचा लेख असा सुरू झाला: 'कोयना भूकंप आज. हे शब्द शेजारच्या कार्यकर्तीनं इथं ठेवायला सांगितले म्हणून ठेवले आहेत. वाचकांनी ते ओलांडून पुढं यावं.' त्याच्या पुढच्या वेळी पाचही वेळचे शब्द त्यांनी शेवटी एका ओळीत मांडले, जेवणानंतर ताटं रचून ठेवावीत तसे. तिसऱ्या वेळी मात्र जमलं: 'कोयना खाली, भूकंप तिच्या पोटात आणि आज मी दोघांच्या मधे बसलेला.' वाक्य चांगलं होतं. मला ते तेव्हा नुसतंच लांब वाटलं.

रोज संध्याकाळी पायरीवरून प्रश्न यायचा, "कितवा?"

"सव्विसावा."

"येतंय, येतंय." आणि ते अशी मान डोलवायचे, की जणू घाटाखाली एसटीचा हॉर्न ऐकू आलाय.

मग तो दिवस आला. आदल्या आठवड्यात मी रस्त्यासाठी सभा बोलावली होती. आले तिघं, त्यातला एक आधी विसरलेली छत्री न्यायला. मी धुमसत होते. दुपारी दोनच्या सुमाराला धक्का बसला, नेहमीपेक्षा जरा मोठा. सगळे बाहेर, आप्पा आत. पडलं काहीच नाही. इंदूकाकींच्या भिंतीचा चुन्याचा एक पापुद्रा गळाला, तो त्यांनी झाडूनही टाकला.

तासाभरानं आप्पांनी लेख माझ्याकडे पाठवला. "चढव. मी जरा पडतो." मथळा होता 'आज घंटा वाजली'.

मी त्या मथळ्याकडे बघत राहिले. जगात कोण माणूस मोबाईलवर घंटा शोधणार आहे? मी तो पुसला आणि लिहिलं: 'कोयना भूकंप आज: घरांना तडे, एकटे वृद्ध घरात अडकले, रुग्णवाहिका कुठे आहे!!!' घंटा पार खाली ढकलली. 'मी ठीक आहे' हे वाक्य वरच्या मजकुराशी विसंगत वाटलं, म्हणून काढूनच टाकलं. वर माझा रस्ता.

तडे वीस वर्षांपूर्वीचे होते. रुग्णवाहिका कुणी बोलावली नव्हती. आणि अडकलेले वृद्ध स्टुलावर बसून वेळ लिहीत होते. हे सगळं मला माहीत होतं. रस्ता खरंच खराब आहे ना, मग एवढं चालतं, असं मी स्वतःला सांगितलं. पत्रकं लिहून लिहून मला ही सवय लागली होती.

साडेचारला आम्ही पहिल्या नंबरावर होतो.

मी धावतच आप्पांकडे गेले. "आप्पा, पहिला!"

ते उठून बसले. धोतराला हात पुसले, मोबाईल दोन्ही हातांनी घेतला. "खरंच गं? पयला?" म्हणाले. इतका खूश झालेला माणूस मी आमच्या कुठल्याही सभेत पाहिलेला नाही.

"आणि खाली चार प्रतिसाद! एकच माणूस चार-चारदा लिहितोय. याला म्हणतात वाचक!" मी ते प्रतिसाद वाचले नव्हते. मोजले होते.

आप्पांनी चष्मा लावला. मथळ्यावर त्यांचे ओठ हलले. "ह्यो कोन म्हातारा अडाकलाय?"

"तुम्हीच की!" मी हसले.

ते हसले नाहीत. त्यांनी बोटानं पान वर सरकवलं. खाली नाव नसलेल्या कुणाचे चार प्रतिसाद होते.

'अडकलेले वृद्ध कोण? नाव लिहा.'

'कृपया नाव लिहा.'

'स्वयंपाकघरातलं लाकडी कपाट पुढं झुकतं. त्याच्याखाली कुणी आहे का, आत जाऊन बघा.'

'कुणीतरी बघा हो.'

आप्पांनी चष्मा काढला. स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. मग म्हणाले, "सुनंदा हाय ही. माजी लेक."

आप्पांना लेक आहे हे मला तेव्हा कळलं. बारा वर्षांपूर्वी सुनंदानं सांगलीत, कॉलेजातल्या एका बौद्ध मुलाशी लग्न केलं. आप्पांनी ह्याच दारात उभं राहून तिला सांगितलं, की परत ह्या घरात पाऊल टाकू नकोस. तिनं टाकलं नाही.

"पोरगा लय गुनाचा निघाला," आप्पा म्हणाले. "मागनं कळलं. कळून काय? मला तोंड कुठं ऱ्हायलं हुतं?" धक्का बसला की ती आईला फोन करायची. बरे आहात ना दोघं, एवढंच. आप्पा शेजारी पेपर तोंडापुढं धरून ऐकायचे. "पेपर उलटा हाय म्हनायची हिची आई." मग दोन वर्षांपूर्वी आई गेली.

"आता जमीन हालली तर पोरीनं इचारायचं कुनाला? मोबाईललाच इचारनार. मग तिला पयल्यांदा माजंच पान दिसाया पायजे का नको? म्हनून पयला नंबर. बाकीची लोकं वाचत्यात तर वाचूंद्यात बिचारी."

दुसरा कुठला दिवस असता तर जातीवरून मी त्यांना चांगलं सुनावलं असतं. त्यांचं चुकलंच होतं, आणि अजूनही मी तेच म्हणेन. पण त्या दुपारी मला तोंड नव्हतं. त्यांनी बारा वर्षांपूर्वी दारात जे केलं ते त्यांचं. आज त्यांच्या लेकीला मी तासभर कपाटाखाली बाप शोधायला लावलं होतं, आणि त्याला वाचक म्हणून मिरवत आले होते.

"फोन करा आप्पा. आत्ता."

"नंबर हाय. तिच्या आईच्या वहीत हाय." ते हलले नाहीत. "माजा आवाज ऐकून तिनं फोन ठिवला तर? लिवलेलं मानूस निदान शेवटपातुर वाचतंय." मग त्यांनी प्रतिसादाखालच्या रिकाम्या चौकोनावर बोट ठेवलं. "हितं लिवायचं व्हय?"

"हो."

"की-वर्ड?"

"नाही लागत."

"पाचदा न्हाई?"

"एकदाही नाही आप्पा."

त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि बोट उचललं. मी बाहेर पायरीवर येऊन बसले. माझ्या मोबाईलवरून मथळा पुसला, 'आज घंटा वाजली' परत लिहिलं, काढलेलं वाक्य परत जागेवर ठेवलं, माझा रस्ता उचलला. खाली लिहिलं, की इथला आधीचा मथळा खोटा होता, तो मी लिहिला होता, आप्पांनी नाही. खाली माझं पूर्ण नाव. उद्गारचिन्ह कुठंच नाही.

तेवढ्यात इंदूकाकी कानाला फोन लावून रस्ता ओलांडून आल्या. "काय गं, तडं कुठं पडलंत म्हनं? लोणंदवरनं माजा ल्योक इचारतोय, घर हाय का गेलं."

"काकी, मी खोटं लिहिलं होतं."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि फोन माझ्या हातात कोंबला. "मंग सांग की त्येला तसं."

मी सांगितलं. लोणंदवरून जे ऐकून घ्यावं लागलं ते ऐकून घेतलं.

फोन परत देते न देते तोच माझा मोबाईल हातात थरथरला. ब्लॉगवर नवा प्रतिसाद आला की तो तसा थरथरतो. हा आप्पांचा असणार. मी उघडला नाही. बराच वेळ काहीच झालं नाही. मग पुन्हा थरथरला. तोही नाही उघडला. मग लगेच आणखी एकदा.

आतून आप्पांची हाक आली, "पोरी, च्या तूच टाक गं. मला येळ न्हाई."

मी मागच्या दारानं स्वयंपाकघरात गेले. कपाट खरंच पुढं झुकलं होतं. चहाला उकळी येईपर्यंत मी त्याला एक हात लावून उभी राहिले.