वेदीपुढची पिशवी

योहानकाकांची पिशवी दर रविवारी आमच्या चर्चमध्ये वेदीपुढे ठेवलेली असते आणि तिला हात लावायची पाळकसाहेबांचीही छाती होत नाही. पिशवीत मोर्शीच्या शेतातली संत्री, नाहीतर तूर, नाहीतर नुसती मेथी. पहिलं गीत सुरू झालं की काका उठतात, पिशवी ठेवतात आणि सगळ्या मंडळीदेखत दाराबाहेर पडतात. तिथून अमरावतीचा एसटी स्टँड, तिथून अकोला.

"अर्पण केलं का हे?" पाळकसाहेबांनी एकदा विचारलं.

"नाही. ठेवलं हाये."

बायबलात सांगितलंय, की अर्पण घेऊन आलास आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर ते तिथंच ठेव, आधी भावाशी समेट कर, मग ये. काकांचा भाऊ याकोब अकोल्यात राहतो. तो दार उघडत नाही. मग संध्याकाळी काका परत येतात आणि पिशवी घरी नेतात. उन्हाळ्यात मेथीचं काय होतं ते सांगत नाही.

मी काकांचा शेजारी, घरीही आणि बाकावरही. त्यामुळे नव्या लोकांना हे सगळं समजावणं माझ्याच गळ्यात. एकदा नागपूरच्या एका पाहुण्यांनी त्यातलं संत्रं सोलून खाल्लं. काकांनी संध्याकाळच्या भक्तीत उभं राहून त्यांच्यासाठी मोठ्यानं क्षमा मागितली, पाहुणे समोर बसलेले असताना. मला बाकाखाली शिरावंसं वाटलं.

"काका, ते प्रतीकात्मक आहे हो," मी म्हणालो. संडे स्कूलमध्ये शिकवतो ना मी! "मन साफ केलं की झालं. एसटी कशाला?"

"मले परतीक नोको सांगू, बापू. लिवलं हाये जाय, त जा लागते."

भांडणसुद्धा असंच लिहिल्याबरहुकूम झालेलं. हो तर हो, नाही तर नाही, याहून जास्त बोलू नये, हा काकांचा दुसरा नियम, तोही बायबलातलाच. याकोबच्या मुलीला पाहायला पाहुणे आले. त्यांनी काकांना बाजूला घेऊन विचारलं, "मुलीचं आधी कुठं जमलं होतं का?" काका म्हणाले, "हो." त्या आधीच्या मुलाची बदली झाली म्हणून दोन्ही घरांनी हसतखेळत मोडलं होतं, एवढं एक वाक्य पुढं बोलायचं! नाही बोलले. पाहुणे चहा अर्धा टाकून उठले. पुढे पोरीचं चांगलं झालं, दोन लेकरं आहेत तिला. पण याकोबचं दार बंद झालं ते झालंच.

गेल्या रविवारी काकांचा गुडघा धरला, म्हणून माझ्या बायकोनं मला सोबत पिटाळलं. अकोल्याच्या त्या गल्लीत काकांनी दाराची कडी वाजवली. शेजारच्या बायका गॅलरीत आल्या, एक हसलीसुद्धा. मी मोबाईलमध्ये डोकं घातलं.

"याकोब, मी आलो."

आत टीव्हीचा आवाज कमी झाला.

"योहान, म्या तुले मनातून कवाचंच माफ केलं," आतून आवाज आला. "आता येत नोको जाऊ. लोकं पायतेत."

टीव्ही पुन्हा मोठा झाला. मी संडे स्कूलमध्ये शिकवतो तेच तर तो माणूस बोलला होता, आणि बंद दाराच्या बाहेर उभं राहून ते ऐकताना मला माझीच लाज वाटली.

काका गल्लीच्या टोकापर्यंत लंगडत गेले. मग थांबले.

"बापू, तू शिकवतं पोराईले. तो म्हणते मनातून माफ केलं. मंग मनात तरी त्यानं मले घरात घेतलं असन का? बस म्हणलं असन? चहा देल्ला असन?"

ते अगदी खरोखर विचारत होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

"पुढच्या रविवारी मी वाजवतो कडी," मी म्हणालो.

"जोरानं वाजवजो," काका म्हणाले. "डाव्या कानानं त्याले कमी आयकू येते."