घोडीचं क्षेत्रफळ

मामांच्या घोडीला झूल शिवायची होती. मी घोडीची लांबी मोजली, उंची मोजली, दोन्हींचा गुणाकार केला आणि शहाद्याहून तेवढं कापड घेऊन आलो.

सारंगखेड्याला मामांच्या ओट्यावर गठ्ठा टाकला. मामांनी आधी कापड पाहिलं, मग घोडी, मग मला.

"पाय बी मोजात का रे तू?"

"हो. उंची म्हणजे पायांसकट उंची."

"ती काय पायजमा घालनार शे? आनि पायेसना मधमा वारा शे, त्यानंबी कापड लई उना तू?"

पायांमधल्या हवेचंही कापड मी आणलं होतं. माझं गणित तसं पक्कं आहे, फक्त उत्तरं चुकतात.

मामा शाळेत भूमिती शिकवायचे. निवृत्त झाले, पण भूमिती काही त्यांना सोडून गेली नाही. समोर काहीही येवो, मामा त्याचे तुकडे पाडणार. भाकरीचे त्रिकोण करून खाणार. लग्नाच्या मांडवात नवरा-नवरीला सोडून वरच्या कापडाकडे बघत पुटपुटणार, "दोन त्रिकोन, एक आयत." एकदा एका पाहुण्याने पोटावर हात फिरवत "काय म्हणतं शरीर?" विचारलं, तर मामा म्हणाले, "अर्धवर्तुळ." तो पाहुणा पुन्हा आला नाही. कुठलीही अडचण सांगा, मामांचं उत्तर ठरलेलं: "पहिले तोड, मंग मोज."

मामी गेल्यापासून त्यांचं हे बोलणं ऐकायला घरात एकटी लाडीच उरली होती. लाडी म्हणजे ही घोडी. तिला मामा रोज काहीतरी समजावून सांगत, आणि ती माझ्यापेक्षा लक्ष देऊन ऐके. पण आता मामांचे गुडघे गेले होते. मुलगा सुरतेला बोलावत होता आणि त्याचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर. तेव्हा यंदाच्या यात्रेतल्या घोडेबाजारात लाडीला विकायचं ठरलं होतं.

मामांनी खडू घेतला आणि गोठ्याच्या भिंतीवर घोडी काढली.

"देख. पाठ नि दोन्ही बाजू, हाऊ आयत. पुठ्ठावर त्रिकोन. मानना दोन त्रिकोन."

"मामा, झूल पाठवर ऱ्हास. मानवर कसाले?"

"तू चूप बस."

मी हौसेने गोंडे आणले होते, आरसे आणले होते. यात्रेत घोडी कशी उठून दिसायला हवी! मामांनी ते सगळं बाजूला सारलं. शिंप्याला कापड दुहेरी करायला लावलं, आत जुनी चादर घातली. त्याने विचारलं, "सर, झूल शे का गोधडी?" मामांनी कापडाची जाडी पुन्हा चिमटीत धरून पाहिली.

यात्रेत गिऱ्हाइकं आली. एकाने लाडीचे दात पाहिले, एकाने तिला पळवून पाहिलं. मामा कोणाशीच धड बोलेनात. शेवटी तोरणमाळच्या डोंगरावरचा एक पावरा आदिवासी शेतकरी आला. त्याने लाडीच्या कपाळावर हात ठेवला आणि नुसता उभा राहिला. मी किमतीचं बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात मामांनीच त्याला विचारलं, "वर थंडी कितली पडस?"

"लई पडते, सर. पहाटे गवत पांढरं होतं."

"गोठाले दार शे का?"

"आहे. आन् नसतं, तर लावलं असतं."

मामांनी मान हलवली. सौदा झाला तो एवढ्यावरच.

मग त्यांनी स्वतः झूल चढवली. मानेचे दोन्ही त्रिकोण गळ्याखाली ओढून घेतले, नाड्या बांधल्या, सोडल्या, पुन्हा थोड्या सैल बांधल्या. लाडीच्या कानात काहीतरी बोलले. तो माणूस तिला घेऊन गर्दीतून निघाला. लाडीने एकदा मागे वळून पाहिलं आणि भर यात्रेत मला हुंदका फुटला.

मामा तिकडेच बघत होते. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले,

"रडू नको भो. पहिलेच तुन्हा तोंडना आकार धड नही. रडस तवय पार समलंब चौकोन दिसस."