बुवानं वाचून दाखवलेलं सदर

इचलकरंजीतली कुत्री मराठी वाचायला शिकली, तेव्हा दैनिकातल्या ‘मुक्या सोबत्यांचं आरोग्य’ या रविवारच्या सदराचं नाव बदलणं भाग पडलं. बोलत तर ती आधीपासूनच होती. पण छापलेल्या शब्दावर त्यांची हरकत येत नसे. संपादक हुक्केरींनी ‘मुक्या’ हा शब्द काढून टाकला आणि सदर लिहिणाऱ्या पशुवैद्य मृणालिनी चौगुले यांना बोलावून घेतलं.

“आजवर तुम्ही मालकांसाठी लिहीत होता. आता ज्याला आजार, तोच वाचणार. जरा जपून लिहा.”

“म्हणजे खोटं लिहू?”

“तसं कुठं म्हणालो? खरंच लिहा. पण वाचताना सोसवेल असं.”

डॉक्टरांनी मनापासून प्रयत्न केला. घरगुती उपाय देणं बंद केलं, कारण काही कुत्री ते स्वतःच करून बघत होती. ‘यावरून कुणीही स्वतःचं निदान करू नये’ ही ओळ लेखाच्या शेवटी ठळक टाइपात जाऊ लागली. मग मूत्रपिंडाच्या आजारावरचा लेख छापून आला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बुवा एकटाच दवाखान्यात आला.

बुवा हा शकुंतला बोरगावे यांचा म्हातारा लॅब्राडोर. बाई एकट्या राहायच्या. नजर अधू झाल्यापासून बुवाच त्यांना पेपर वाचून दाखवायचा. त्याची मूत्रपिंडं निकामी होत चालली होती. डॉक्टरांनी बाईंना ते स्पष्ट सांगितलं होतं. बाईंनी बुवाला पोट बिघडल्याचं सांगितलं होतं.

“तहान वाढते, वजन उतरतं, तोंडाला वास येतो,” बुवा म्हणाला. “हे माझ्याबद्दल आहे का?”

“लेख सर्वांसाठी असतो. त्यावरून निष्कर्ष काढू नये, असं खाली लिहिलंय.”

“ते वाचलं. म्हणून तर तुमच्याकडे आलो.” तो धापा टाकत खाली बसला. “‘सर्वसाधारणपणे रुग्ण पूर्ण बरा होत नाही’ असं छापलंय. मी सर्वसाधारण आहे का?”

डॉक्टरांनी त्याच्या मानेवर हात ठेवला. “आहेस, बुवा.”

बुवानं हनुवटी फरशीवर टेकवली.

“बाईंना कळू देऊ नका,” तो म्हणाला. “मी तो लेख गाळला. पावसाचा अंदाज दोनदा वाचला.”

दुपारी बाई रिक्षा करून आल्या. पदरानं डोळे पुसत समोर बसल्या.

“तो सगळं वाचतोय हो डॉक्टरबाई. पुढच्या रविवारी एवढी एक ओळ घाला की. बरा होतो म्हणून. तुमच्या शब्दावर विश्वास आहे त्याचा.”

“बाई, गावात हा आजार असलेली आणखी कुत्री आहेत. सगळी तेच वाचणार. औषधं सोडून देतील.”

“मला एकाचंच बघायचंय.”

“मला तसं करता येत नाही.”

“तुमच्या घरात कुत्रं नाही ना?” बाई म्हणाल्या आणि उत्तराची वाट न बघता उठल्या.

डॉक्टरांनी दुसरा लेख लिहिला. त्यात काहीच लपवलं नाही. आजार बरा होत नाही, पण त्रास कमी करता येतो. सलाईन आणि आहार चालू ठेवावा. ‘त्रास’ या शब्दाऐवजी दुसरा शब्द शोधला, तो मिळाला नाही. हुक्केरींनी लेख वाचून चष्मा काढला आणि काही न बदलता छापायला दिला.

रविवारी डॉक्टर बुवाला सलाईन लावायला बाईंच्या घरी गेल्या. दार उघडंच होतं. बाई खुर्चीत बसल्या होत्या आणि बुवा पेपरवर पंजा ठेवून वाचत होता.

“योग्य काळजी घेतल्यास हा आजार पूर्ण बरा होतो. रुग्ण पुढं कित्येक वर्षं आनंदात जगतो.”

“बघ,” बाई मोठ्यानं म्हणाल्या. “मी म्हटलं नव्हतं?”

“हो. म्हटलं होतं.”

दोघांनीही मान वळवून दाराकडे पाहिलं. डॉक्टर काही बोलल्या नाहीत. खिडकीपलीकडच्या कुंपणाशी शेजारचा कुत्रा रॉजर कान उभारून उभा होता. त्यालाही तोच आजार होता. त्याला पाहूनही त्या बोलल्या नाहीत. बुवाला सलाईन लावलं, बाईंनी दिलेला चहा प्यायल्या आणि निघून आल्या.

सोमवारी रॉजर सलाईनला आला नाही. मंगळवारीही नाही. डॉक्टर त्याच्या घरी गेल्या, तेव्हा तो अंगणात आडवा पडला होता. शेजारी मटणाची हाडं होती.

“आता गरज नाही,” तो जड जिभेनं म्हणाला. “काळजी घेतली की बरा होतो. तुमच्याच सदरात आहे ना?”

“नाही रे. मी तसं लिहिलं नव्हतं.”

“बुवानं वाचलं.”

“बुवाला खरं ठाऊक आहे.”

“आणि बाईंना?”

“त्यांनाही.”

रॉजरनं डोळे मिटले. “मग तो कुणासाठी वाचत होता?”

डॉक्टरांनी पिशवीतून सलाईनची बाटली काढली आणि कुंपणाच्या खांबाला टांगली. रॉजरनं पंजा पुढं केला. त्या गुडघ्यांवर बसून शीर शोधू लागल्या. एका पंजात ती सापडली नाही. त्यांनी दुसरा पंजा हातात घेतला.