भुऱ्याचं कूळ

“एक दिस थांबला असतास तर काय मेला असतास?”

मागच्या दाराशी महिपत कोणाला तरी दबक्या आवाजात दटावत होता. रत्ना चुलीपुढे फुंकणी घेऊन बसली होती. मध्ये कुडाची भिंत तेवढी. नवरा फोनवर बोलत असेल असं तिला वाटलं. पण चहा घेऊन ती मागे गेली, तर फोन आत खुंटीला लोंबत चार्ज होत होता आणि महिपतच्या पुढ्यात भुऱ्या कुत्रा कान पाडून बसला होता. पलीकडे कोंबडा झाकायचं डालगं कलंडलेलं, त्याच्यावरचा दगड एकीकडे, आणि अंगणभर तांबडी पिसं.

रत्नाने चहाचा कप तिथेच जात्यावर ठेवला. तो कोंबडा वाघदेवाचा होता. आणि आज वाघबारस, वाघदेवाच्या पूजेचा दिवस.

शिमग्याच्या आधी शहापूरला रत्नाचं पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन झालं, त्याच आठवड्यात महिपतने वेशीवरच्या वाघदेवाला कोंबडा बोलला होता. नवसाचा कोंबडा धसईच्या बाजारातून आणून भागत नाही. तो घरच्या कोंबडीचा, पिल्लापासून हाताने वाढवलेला लागतो. रत्नाने त्याला आठ महिने कण्या घातल्या. त्याने तिला दोनदा टोचलं, तेही तिने पोटात घातलं. कारण बावीस वर्षांच्या संसारात ज्या माणसाने कधी दहा रुपयांचा गजरा आणला नाही, त्याने तिच्यासाठी देवाला नवस केला होता. नळावर पाणी भरायला येणाऱ्या एकूण एक बाईला तिने हे किमान तीनदा ऐकवलं होतं.

“आता माझे खडे परत येतील,” ती म्हणाली आणि कुशीवर हात ठेवला. कुशीत सकाळपासून काही नव्हतं; हात ठेवल्यावर मात्र दुखायला लागलं.

सासूबाई, म्हणजे रंगूआजी, ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. सुनेकडे न बघता त्यांनी सुचवलं, की मंगळू भगताला विचारून घ्यावं. मंगळू तसाही वाघबारशीचे नारळ जमा करत घरोघर फिरत होताच. तो आला, पिसं पाहिली, भुऱ्याला पाहिलं आणि चहा घेतला. जात्यावरचा तोच.

मग त्याने सांगितलं ते असं. फार मागे माणसाने वाघदेवाकडे गाऱ्हाणं घातलं, की तुझी लेकरं आमची गुरं नेतात, राखणीला कोणीतरी दे. वाघदेवाने शेपटीच्या टोकाचा एक केस उपटला, त्यावर फुंकर घातली, आणि कुत्रा झाला. दिल्यावर देव पस्तावला. म्हणून बिबट्या अजून कुत्र्यांच्या मागे येतो. तो आपला केस परत मागतो. सारांश काय, तर कुत्रा वाघदेवाच्याच अंगाचा. त्याच्या तोंडात गेलं ते देवाच्या तोंडात गेलं. नवस पोचला.

रत्नाची कूस लगेच हलकी झाली. आणि तेवढ्यात काजल आतून आली.

काजल ही रत्नाची लेक, शहापूरच्या कॉलेजात सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला. तिने केस विंचरता विंचरताच सांगून टाकलं, की केसाबिसाचा काही संबंध नाही. कुत्रा आला लांडग्यापासून. पंधरा-वीस हजार वर्षांपूर्वी, कदाचित त्याच्याही आधी, काही लांडगे माणसाच्या वस्तीजवळ यायला लागले असावेत, टाकलेली हाडं खायला. जे कमी बुजरे होते ते टिकले.

“म्हंजे उष्ट्याला आला नि ऱ्हायला,” रत्ना म्हणाली. “म्हंजे चोरच.”

“चोर नाय गो आई. पाव्हना म्हन.”

“पाव्हना देवाचा कोंबडा खातो?”

रंगूआजींना वेगळाच धक्का बसला होता. सात-आठ वर्षं ज्याला त्या चुलीपाशी निजू देत होत्या, तो लांडगा निघाला होता. मंगळू म्हणाला, लांडगा तर लांडगा, पण लांडगा कोणी केला? काजल म्हणाली, तो त्याच्या आधीच्या प्राण्यापासून झाला. मंगळूने विचारलं, त्याच्या आधी? असं करत दोघे इतके मागे गेले, की पृथ्वीवर नुसतं पाणी राहिलं आणि रत्नाचा भात लागला.

या सगळ्यात महिपत देवाच्या बाजूने बोलत होता, याचं रत्नाला नवल वाटलं. हाच माणूस एरवी मंगळूच्या गोष्टींना थापा म्हणे. भुऱ्याबद्दल तर त्याला कधी माया नव्हतीच. कुत्र्यांना लस टोचणारे आले तेव्हाही, “आमचा नाय, असाच येतो,” असं त्याने भुऱ्याला मांडीवर दाबून धरत सांगितलं होतं. आज मात्र तो म्हणत होता, की मंगळूच्या बोलण्यात तथ्य आहे. काजलने बापाकडे एकदा पाहिलं आणि तीही घसरली. म्हणे, शास्त्रात अजून वाद चालू आहेत, नक्की कुठे नि कधी ते कोणालाच माहीत नाही.

“आरं, मना एक काय ते सांगा,” रत्ना वैतागून म्हणाली. “नवस पोचला का नाय? कुत्रा देवाचा तर मी बरी, नि लांडग्याचा तर मी परत दवाखान्यात. तुमाला गंमत वाटते. पोट माझं हाय.”

यावर मंगळूने तोडगा काढला. कूळ कुठलंही असो, आपण गाऱ्हाणं घालून वाघदेवालाच विचारू. फक्त नवस कोणाच्या नावाचा, तेवढं सांगा. नाव घेतल्याशिवाय गाऱ्हाणं घालता येत नाही.

रंगूआजींना तांदळात फार खडे सापडायला लागले. काजलने मोबाइल काढला. महिपत डालगं सरळ करू लागला. ते सरळ झाल्यावर त्याने पुन्हा कलंडवलं आणि पुन्हा सरळ केलं.

“माझ्या नावाचा,” रत्ना म्हणाली. “दुसऱ्या कोनाच्या?”

मंगळूने मान डोलावली. मग गाऱ्हाण्याआधी चुकीची भरपाई करायची, आणि ती सोपी होती. ज्याच्या नावाचा नवस, त्याने आज आणि उद्या निर्जळी उपास करायचा आणि वाघदेवाच्या टेकाडाला अनवाणी पाच फेरे घालायचे.

“तिला डाक्टरनी उपाशी नाय ऱ्हायला सांगितलंय,” महिपत म्हणाला.

“डाक्टरला वाघदेवाचं काय ठावं?” रत्नाने पदर खोचला. सकाळपासून तिच्या पोटात चहाचा घोटही नव्हता. तिने चपला काढून भिंतीशी नीट लावल्या आणि टेकाडाकडे बघितलं. ऊन चढलं होतं, वाट खड्यांची होती. निघताना ती म्हणाली, “यांनी माझ्यासाठी देवाला शब्द दिला. मना दोन दिस पानी सोडता येत नाय का?”

ती दगडी पायरी उतरली. भुऱ्या शेपूट हलवत तिच्या मागे निघाला. कुंपणापर्यंत दोघं गेली.

“नवस तुझा नाय गो,” महिपत मागून म्हणाला.

रत्ना थांबली. भुऱ्याही थांबला.

“तू दवाखान्यात व्हतीस तवा बिबट्यानी ह्याला उचलला. मान फोडलेली. सकाळी मी डबा न्यायला घरी आलो, तर हा रांगत आला. मी... ह्याच्यासाठी बोललो कोंबडा.”

रंगूआजी आणि काजल यांच्याकडे रत्नाने आळीपाळीने पाहिलं. दोघींना ठाऊक होतं, हे त्यांच्या तोंडावरच दिसत होतं. आठ महिने नळावर ती जे सांगत होती, ते तिला सगळं आठवलं.

“आन माझ्यासाठी?”

“तुझ्यासाठी डाक्टर व्हता, सिस्टर व्हत्या, मी सात दिस खाटंखाली निजलो,” महिपत खाली बघत म्हणाला. “ह्याच्यासाठी कोन व्हता?”

रत्ना परत आली, चपला घातल्या, आत जाऊन भुऱ्याच्या वाटणीची भाकर घेऊन आली आणि ओट्यावर बसून खायला लागली. भुऱ्या समोर येऊन बसला, जिभेने नाकावरचं पीस काढायचा प्रयत्न करत.

“बघू नको,” ती त्याला म्हणाली. “दोन दिस उपास तुझा हाय.”