पंधरा ऑगस्टच्या बदली सुट्टीची मोहीम

“लाडू देल्ला म्हणजे सुट्टी देल्ली काय वो, कांताबाई?” ऐसी कुरकुर चित्राबाईंनी कोसा रेशमी साड्यांच्या थप्पीआड केली, आणि या मोहिमेस तोंड लागले.

हकिकत ऐसी जे, राजमान्य राजेश्री यज्ञेश्वरराव, साडीभांडार, गोल बाजार, रायपूर, यांचे पूर्वज भोसल्यांचे अमदानीत नागपुराहून आले ते येथेच गादी टाकोन बसले. त्यांचे दौलतीचा दस्तूर की, पंधरा ऑगस्टी दुकानास सुट्टी; मात्र समस्त चाकर मंडळींनी सकाळी झेंडावंदनास हजर व्हावे, आणि बुंदीचा लाडू हाती पडताच शटर वर जावे, आणि मग गिऱ्हाइकांची फौज लोटावी, आणि रात्री आठापावेतो कोणी हलू नये. सुट्टीचे दिवशी काम केले तर बदली सुट्टी मिळते हे सर्वांस मालूम. परंतु झेंड्यापुढे कामाचे नाव काढावे कोणी?

इकडे चित्राबाईंस धमतरीस माहेरी जाणे जरूर. माय दुखण्यातून नुकती उठलेली, आणि तीजेच्या, म्हणजे हरतालिकेच्या, उपासाआधी रिवाजाची कारल्याची भाजी नि भात लेकीसवेच खाईन म्हणोन हटून बसलेली. तो तीजेचा आदला दिवस म्हणजे दुकानात विक्रीचा ऐन रणसंग्राम.

सबब हिशेबनीस नरेशभाऊ वकिलीस रवाना जाहले. “भैया, वो पंधरा तारीख की...” इतकेच बोलिले, तोच यज्ञेश्वररावांनी फर्माविले की, तुम्ही तो घरचे लोक, देशासाठी आलात, त्याची भरपाई मागता काय? नरेशभाऊ “हव, हव” म्हणत माघारी आले. मग दुसरे रोजी सारी महिला फौज गादीवर चालून गेली, आणि पंखा लय आवाज करून राहिला ऐसी तक्रार गुजरून परतली. चित्राबाईंनी मायला फोन लाविला आणि नुसतीच तब्येत पुसली.

ते कांताबाईंनी ऐकिले. बावीस साल चाकरी, एक सुट्टी कधी मागितली नाही. त्या चष्मा पुसोन उठल्या आणि एकल्याच गादीसमोर गेल्या.

तमाम लोकांस जाहीर व्हावे की, भाद्रपद शुद्ध द्वितीयेची भरपगारी सुट्टी चित्राबाईंस यज्ञेश्वररावांचे खुद्द दस्तखताने मंजूर जाहली. ही फत्ते ज्या बोलाने जाहली, तो जैसाचा तैसा नमूद केला असे:

“मालक, झेंड्याले धा मिन्टं लागले. मंग आठ वाजेवरी आम्ही साड्याच दाखोल्या. आम्ही कामाले आलो होतो.”